आमचा संसार म्हणजे दोरीवरचा साप होता का?

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. मी कराडजवळच्या गावात राहते, वय ५६. माझे यजमान एसटीत चालक होते. निवृत्त होऊन दोनच वर्षं झाली होती. गेल्या मार्गशीर्षात एका रात्री छातीत जळजळतंय म्हणाले. जेवण जड झालं असेल म्हणून मी पित्ताची गोळी दिली. त्यांची पहाटेची ड्यूटी असायची, त्यामुळे चार वाजता उठून चहा ठेवायची माझी सवय सुटलेली नव्हती. त्या पहाटेही चहा ठेवला, हाक मारली, ते उठले नाहीत.

मन रमावं म्हणून शेजारणीबरोबर वेदान्ताच्या अभ्यासवर्गाला जायला लागले. शिकवणारे गृहस्थ विद्वान आहेत, मनानेही चांगले आहेत. त्यांनी दोरी आणि सापाचा दृष्टान्त सांगितला. अंधारात दोरीवर साप दिसतो, दिवा आणला की साप नव्हताच हे कळतं, तसंच हे जग. ते ऐकता ऐकता मला रडू फुटलं. ते म्हणाले, "ताई, कोणी जन्मलंच नाही, तर गेलं कोण? रडता म्हणजे अज्ञान अजून आहे." सगळे माझ्याकडे बघत होते. मी यांच्या फोटोपुढे रोज पहाटे चहाचा कप ठेवते हे कळल्यावर म्हणाले, ते बंद करा, त्याने देहबुद्धी, म्हणजे देहालाच माणूस समजण्याची सवय, वाढते.

आता वर्षश्राद्ध जवळ आलंय. वर्गातले म्हणतात ज्ञानमार्गात त्याची गरज नाही. मुलगा पुण्यात नोकरीला आहे, तो म्हणतो तत्त्वज्ञान काय आणि श्राद्ध काय, दोन्ही पळवाटाच, त्यापेक्षा एखाद्या शाळेला मदत करू.

मला एवढंच विचारायचंय. आमचा ३४ वर्षांचा संसार म्हणजे दोरीवरचा साप होता का? सगळं एकच ब्रह्म असेल तर हे आता आहेत का, भेटतील का? आणि मी त्या वर्गाला जाऊ की नको? रात्री झोप लागत नाही. गोळीचंच डोक्यात येतं.

उत्तर

ताई,

आधी रडण्याचं बोलू, कारण चारचौघांत तुम्हाला ज्यावरून अवघडल्यासारखं झालं ते मला फार लागलं.

शके १२१८, म्हणजे इ. स. १२९६ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली. त्यांचे थोरले बंधू निवृत्तिनाथ तिथे होते. हे नुसते भाऊ नव्हेत, ज्ञानेश्वरांचे गुरू. गहिनीनाथांकडून नाथपंथाचं अद्वैत, म्हणजे जीव आणि ब्रह्म दोन नाहीत, एकच आहेत हा विचार, ज्यांच्याकडे आलं आणि ज्यांच्याकडून ते ज्ञानेश्वरांना मिळालं, ते निवृत्तिनाथ. अद्वैत कळलेलं नाही असं ज्यांच्याबद्दल महाराष्ट्रात कोणी म्हणू धजणार नाही, असा माणूस. त्यांची त्या दिवशीची अवस्था नामदेवांच्या समाधीच्या अभंगांत आलेली आहे:

बांधल्या पेंढीचा सुटलासे आळा ।
तृण रानोमाळा पांगलेसे ॥

आणि पुढे निवृत्तिनाथ म्हणतात, आईवडील सोडून गेले तेव्हासुद्धा असं संकट झालं नव्हतं. या भावंडांचे आईवडील कसे गेले ते तुम्हाला ठाऊक आहे. मुलं लहान असताना देहान्त प्रायश्चित्त घेऊन गेले. त्याहून हे मोठं, असं ज्ञानेश्वरांचे गुरू म्हणतात. त्यांना "तुम्हाला अजून अज्ञान आहे" असं तिथे कोणी म्हणालं नाही. नामदेव तर देवाकडेच निवृत्तीचं समाधान कर म्हणून विनवणी करतात.

तेव्हा रडू आलं म्हणून मान खाली घालू नका. रडण्यावरून ज्ञान मोजायची रीत आपल्या परंपरेतली नाही. चौदाव्या शतकातल्या विद्यारण्यांनी 'पंचदशी' या वेदान्तावरच्या ग्रंथात स्पष्ट लिहून ठेवलंय की ज्ञानी आणि अज्ञानी, दोघांचंही प्रारब्ध सारखंच असतं. फरक पडतो तो धीरात. धीर यायला वेळ लागतो. तुमचं अजून वर्षही झालेलं नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. संसार दोरीवरचा साप होता का?

नव्हता. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. शंकराचार्यांच्या भाष्यावरूनच म्हणतोय.

अद्वैतात 'आहे' म्हणण्याच्या तीन पायऱ्या मानतात. दोरीवरचा साप, शिंपल्यावरची चांदी, स्वप्नातला वाघ ही एक पायरी, प्रातिभासिक. ज्याला दिसलं त्यालाच, आणि तेवढ्यापुरतंच. दुसरी व्यावहारिक. तुम्ही, मी, कराडचा कृष्णा-कोयनेचा संगम, एसटीची गाडी, तिच्यात बसलेली माणसं, भूक, औषध, नवराबायको. हे सगळ्यांना सारखं दिसतं, त्यावर व्यवहार चालतो, आणि एकाचं स्वप्न मोडलं म्हणून ते मोडत नाही. तिसरी पारमार्थिक, ते ब्रह्म. दोरी-सापाचा दृष्टान्त पहिल्या पायरीवरचा आहे. दुसरी पायरी तिसरीवर कशी टेकलेली आहे एवढं समजावण्यासाठी तो वापरतात. वर्गात झालं ते असं, की दृष्टान्तालाच सिद्धान्त समजून तुमच्या यजमानांना पहिल्या पायरीवर उतरवून ठेवलं.

शंकराचार्यांनी स्वतः असं केलेलं नाही. त्यांच्या काळात बौद्धांमधला विज्ञानवाद होता. बाहेर काही नाहीच, सगळं मनातलं, स्वप्नासारखं, असं तो पक्ष मांडत असे. ब्रह्मसूत्र म्हणजे उपनिषदांचा विचार छोट्या सूत्रांत बांधणारा ग्रंथ. त्याच्या दुसऱ्या अध्यायात बादरायणांची दोन सूत्रं त्याच्यावर आहेत: "नाभाव उपलब्धेः" आणि "वैधर्म्याच्च न स्वप्नादिवत्". बाहेरच्या वस्तू नाहीत असं म्हणता येत नाही, कारण त्या अनुभवाला येतात. आणि जागेपणीचा अनुभव स्वप्नासारखा नाही, कारण दोन्हींचे धर्म वेगळे. शंकराचार्य या सूत्रांवर भाष्य करताना विज्ञानवाद्याला मुळीच सवलत देत नाहीत. आणखी एके ठिकाणी ते सांगतात की ब्रह्म हाच आपला आत्मा आहे हे प्रत्यक्ष उमगेपर्यंत सगळे व्यवहार, लौकिक आणि वैदिक दोन्ही, खरेच धरायचे. उमगेपर्यंत! एखाद्याने तसं वाक्य म्हणेपर्यंत नव्हे.

वर्गातल्या गृहस्थांचं म्हणणं अगदीच निराधार आहे असं मात्र नाही. शंकराचार्यांच्या गुरूंचे गुरू मानले जाणारे गौडपाद मांडूक्य उपनिषदावरच्या कारिकांमध्ये, म्हणजे श्लोकांमध्ये, जागृती आणि स्वप्न यांना जवळजवळ एका रांगेत बसवतात. "कोणी जन्मलंच नाही" हेही त्यांचंच. पण त्यांची ती कारिका पूर्ण वाचली तर तिथे लय नाही, उत्पत्ती नाही, बद्ध नाही, साधक नाही, मुमुक्षू म्हणजे मोक्षाची इच्छा धरणारा नाही आणि मुक्तही नाही. आणि हाच परमार्थ, असं ते म्हणतात. त्या उंचीवरून बोलायचं तर कोणी गेलं नाही हे जितकं खरं, तितकंच कोणी शिकवत नाही आणि कोणी शिकत नाही हेही खरं. तिथून फक्त दुसऱ्याचं दुःख मिथ्या ठरवायचं आणि आपली समज, आपला वर्ग, आपलं "मला कळलं" हे समाधान तेवढं खरं ठेवायचं, असं करता येत नाही. मिथ्यात्व लावायचंच असेल तर ते आधी स्वतःच्या 'मी'ला लावायचं असतं. दुसऱ्याच्या अश्रूंना लावण्यासाठी ते सांगितलेलं नाही.

"ब्रह्म सत्यं जगन्मिथ्या" एवढं सगळ्यांच्या तोंडी असतं. त्याच ओळीत पुढे "जीवो ब्रह्मैव नापरः" आहे, जीव ब्रह्मच आहे, दुसरा कोणी नाही. त्या दिवशी वर्गात रडत होता तो जीवही त्यात आलाच ना?

आता "हे आहेत का" याकडे वळू. इथे मला तुम्हाला एका बाईची ओळख करून द्यायची आहे, कारण तुमचा प्रश्न जसाच्या तसा तिने विचारलेला आहे.

बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य घर सोडून निघालेले आहेत. दोघी बायका, मैत्रेयी आणि कात्यायनी. ते म्हणतात, निघण्याआधी तुमच्या वाटण्या करून देतो. मैत्रेयी विचारते, सगळी पृथ्वी धनाने भरून मला मिळाली तर मी अमर होईन का? ते म्हणतात, नाही. मग जे घेऊन मी अमर होणार नाही ते घेऊन काय करू, असं ती म्हणते. आपण हा संवाद तत्त्वचर्चा म्हणून वाचतो आणि प्रसंग विसरतो. नवरा कायमचा घर सोडून चाललाय आणि जाता जाता बायकोशी बोलतोय. अद्वैताचं सर्वांत मोलाचं बोलणं उपनिषदांनी अशा वेळेला ठेवलेलं आहे.

याज्ञवल्क्य तिला सांगतात, अगं, पतीसाठी म्हणून पती प्रिय होत नाही, आत्म्यासाठी पती प्रिय होतो. पत्नीचं तसंच, मुलांचं तसंच, धनाचं तसंच. वरवर पाहिलं तर माणूस स्वार्थी आहे असं ते म्हणताहेत असं वाटतं. शंकराचार्य या वाक्यांचा रोख वैराग्याकडे आहे असं सांगतात. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. तुम्हाला तुमचे यजमान आवडत होते ते त्यांच्या रंगरूपामुळे किंवा पगारामुळे नव्हे. त्या आवडीचा उगम अशा ठिकाणी होता जे ठिकाण त्यांच्यात आणि तुमच्यात एकच आहे. प्रेम खोटं होतं असं याज्ञवल्क्य कुठेही म्हणत नाहीत. ते कुठून येत होतं ते सांगताहेत.

मग ते मिठाचा दाखला देतात. मिठाचा खडा पाण्यात टाकला की विरघळतो. तो पुन्हा उचलून हातात घेता येत नाही, पण पाणी जिथून चाखाल तिथून खारटच लागतं. आणि त्याला जोडून म्हणतात, "न प्रेत्य संज्ञास्ति". गेल्यानंतर संज्ञा उरत नाही.

इथे मैत्रेयी गडबडते. ती सरळ म्हणते, "इथेच तुम्ही मला गोंधळात टाकलंत, गेल्यावर संज्ञा उरत नाही म्हणता!" ताई, तुमच्या वर्गात तुम्हाला जे झालं ते हेच. आणि याज्ञवल्क्य काय करतात पाहा. तुला अज्ञान आहे असं म्हणत नाहीत. मी तुला मोहात पाडायला बोलत नाही, असं म्हणून पुन्हा समजावतात. जिथे दोन असल्यासारखं असतं तिथे एक दुसऱ्याला पाहतो, ऐकतो, ओळखतो. जिथे सगळं आत्माच झालं तिथे कोणी कोणाला कशाने पाहावं? जाणणाऱ्याला कशाने जाणावं? हाच संवाद उपनिषदात चौथ्या अध्यायात पुन्हा येतो, आणि तिथे त्यांनी एक वाक्य जास्तीचं घातलंय: हा आत्मा अविनाशी आहे, उच्छेद होणं हा त्याचा धर्मच नव्हे.

संज्ञा उरत नाही म्हणजे काय उरत नाही, ते शंकराचार्य भाष्यात उलगडून सांगतात. मी अमका, अमक्याचा मुलगा, हे माझं शेत, हे माझं धन, मी सुखी, मी दुःखी, ही जी वेगवेगळी ओळख असते ती उरत नाही. ती ज्याच्या उजेडात दिसत होती ते कुठे जात नाही. शिवाय हे बोलणं ज्याला ब्रह्मज्ञान झालं त्याच्याबद्दलचं आहे. बाकीच्यांसाठी त्याच उपनिषदाने गवताच्या पात्यावरून पुढच्या पात्यावर जाणाऱ्या किड्याचा दाखला दिलेला आहे. जीव पुढचा आधार धरतो आणि मागचा सोडतो. म्हणजे अद्वैताकडे तुमच्या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत. व्यवहारात पाहिलं तर तुमच्या यजमानांचा जीव पुढच्या वाटेला लागला. परमार्थात पाहिलं तर जे ते खरोखर होते त्याला जाणं-येणंच नाही, आणि तेच तुम्हीही आहात.

भेटतील का?

इथे मी तुम्हाला गोड बोलून फसवणार नाही. खाकी गणवेशातले, पहाटे चारला चहा मागणारे, तुमच्या हाकेला ओ देणारे हे पुन्हा भेटतील असं आश्वासन अद्वैत देत नाही. भेटायला दोघं लागतात, आणि अद्वैताचं म्हणणं असं की शेवटाला दोन नाहीतच. कुणी वेदान्ताच्या नावावर तसं आश्वासन देत असेल तर ते वेदान्ताचं नव्हे. हे ऐकून कोणाला पोरकं वाटलं तर ते मला समजतं. रामानुज आणि मध्व या आचार्यांनाही शंकरमत असंच कोरडं वाटलं होतं. रामानुजांच्या मते जीव ब्रह्माचं शरीर आहे आणि मोक्षातही त्याचं वेगळेपण पुसलं जात नाही. मध्वांनी तर जीव आणि देव यांच्यातला भेद कायमचा मानला. मात्र तेही भेट सांगतात ती देवाची. त्या दोघांचं म्हणणं हाही वेदान्तच आहे, तीच उपनिषदं आणि तीच ब्रह्मसूत्रं समोर ठेवून मांडलेला. अद्वैत पटलं नाही तर धर्म सुटला असं मुळीच नाही. तुकोबांसारखा माणूसही म्हणून गेला, "अद्वैतीं तों माझें नाहीं समाधान । गोड हे चरणसेवा तुझी ॥"

मला विचाराल तर मी अद्वैताच्याच बाजूचा आहे, पण ज्ञानेश्वरांच्या वाटेने. आपल्या मातीत आलेलं अद्वैत जगाला झटकून टाकत नाही. ज्ञानेश्वरीच्या चौदाव्या अध्यायातली ओवी तुम्ही पारायणात म्हटलीही असेल:

म्हणौनि जग परौतें । सारूनि पाहिजे मातें ।
तैसा नोहें उखितें । आघवें मीचि ॥

जग बाजूला सारून मला पाहावं असा मी नाही. हे सगळंच्या सगळं मीच आहे. तुमचा संसारही त्या 'आघव्या'त येतो. पहाटेचा चहा येतो. मुलाचं शिक्षण येतं, भांडणं येतात, यात्रेला गेला असाल ते येतं. पुढे 'अमृतानुभवा'त ज्ञानेश्वर आणखी एक धाडस करतात. जगाचं कारण म्हणून जे अज्ञान पंडित सांगत होते, त्या अज्ञानाचंच ते खंडन करतात, आणि त्या ग्रंथाच्या दहा प्रकरणांतलं सर्वांत मोठं प्रकरण त्यासाठी खर्ची घालतात. ज्ञानस्वरूप आत्म्यात अज्ञानाला जागा कुठली? मग हे दिसतं ते काय? ते त्या एकाचंच विलसणं आहे, असं त्यांचं उत्तर. अंतिम सत्य एक आहे हे शंकराचार्यांसारखंच, पण दिसणाऱ्या जगाकडे बघण्याची नजर कितीतरी मायेची.

आणि या ग्रंथाची सुरुवात कशाने होते? एका जोडप्याने. शिव आणि शक्ती. त्यांचं एकपण सांगताना ज्ञानेश्वर म्हणतात, "दो ओठीं एकी गोष्टी । दो डोळां एकी दिठी". ओठ दोन, बोलणं एक. डोळे दोन, नजर एक. त्याच प्रकरणात ही ओवी आहे:

घरवातें मोटकीं दोघें ।
जैं गोसावी सेजे रिगे ।
तैं दंपत्यपणें जागे । स्वामिणी जे ॥

घरात माणसं दोघंच. घरधनी शेजेला गेला की घरधनीण एकटी जागी राहते, आणि दोघांचं दांपत्य ती एकटी जागवते. ही ओवी शिवशक्तीची आहे, ज्ञानेश्वरांना तिथे निर्गुण आणि त्याची शक्ती यांच्याबद्दल सांगायचं आहे, विधवेच्या दुःखाबद्दल नव्हे. तरी तुमचं पत्र वाचताना मला तीच आठवली आणि ती तुम्हाला लिहिल्यावाचून राहवलं नाही.

आता गोळीचं.

तुम्हाला झोप लागू देत नाही ती ही गोष्ट आहे, असं मला पत्रावरून वाटतं. ब्रह्म-माया हे प्रश्न तिच्याभोवती गोळा झालेत. इथे विद्यारण्य पुन्हा उपयोगी पडतील. 'पंचदशी'च्या चौथ्या प्रकरणात ते म्हणतात, द्वैत दोन प्रकारचं. एक ईश्वराने निर्मिलेलं, दुसरं जीवाने आपल्या मनात निर्मिलेलं. त्यांचा दाखला असा: मुलगा दूरदेशी सुखरूप आहे, पण कोणी लबाडाने तो मेला असं सांगितलं तर बाप ऊर फुटेस्तोवर रडतो. आणि मुलगा खरोखर गेला, पण बातमीच पोचली नाही, तर बाप रडत नाही. म्हणजे बांधून टाकतं ते घडलेलं कमी, मनाने रचलेलं जास्त.

तुमचे यजमान गेले हे घडलेलं आहे. त्याचं दुःख होणारच, ते कोणत्याही विचाराने पुसायचं नाही. पण 'मी गोळी दिली म्हणून गेले' हे मनाने रचलेलं आहे. त्या रात्री तुम्हाला काय माहीत होतं? छातीत जळजळ आणि जड जेवण, एवढंच. हृदयाचा त्रास पित्तासारखा वाटणं इतकं नेहमीचं आहे की डॉक्टरांनाही पुष्कळदा तपासण्या केल्याशिवाय सांगता येत नाही. आज जे कळलंय ते त्या रात्रीच्या तुमच्यावर लादून तुम्ही स्वतःला दोषी ठरवताय. विवेक विवेक म्हणतात तो इथे वापरायचा. जे गेलं त्याच्यासाठी रडा. जे तुम्ही केलंच नाही त्याची शिक्षा स्वतःला देऊ नका.

हे एकट्याने होत नसेल, झोप महिनोन्महिने उडालेली असेल, जेवण जात नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. १४४१६ हा सरकारच्या 'टेली मानस'चा मोफत नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं. याने अध्यात्मात काही उणं येत नाही.

आता चहा. चालू ठेवा. त्याने देहबुद्धी वाढते म्हणणाऱ्यांना मी विचारीन की मग देवापुढच्या नैवेद्याचं काय? चहा ठेवून झाला की हवं तर थोडा वेळ तिथेच बसा. आठवण येईल, रडू येईल, येऊ द्या. एवढंच बघा की आठवण आली हे कळलं, रडू आलं हे कळलं, ते ओसरलं हेही कळलं. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्याला जे कळतंय ते स्वतः आलं कधी आणि गेलं कधी? बृहदारण्यकातच ब्रह्म काय असं विचारणाऱ्या उषस्ताला याज्ञवल्क्यांनी ते सांगितलं ते असंच, समोर, साक्षात, सगळ्यांच्या आत असलेलं. अद्वैतातलं अंतिम सत्य शोधायला याहून लांब जावं लागत नाही. मात्र हे रडू दाबण्यासाठी वापरायचं नाही. तशी वापरायची वेळ आली तर त्या दिवशी नुसता चहा ठेवा आणि उठा.

वर्षश्राद्ध जरूर करा. परंपरेत सांगतात की शंकराचार्यांनी संन्यासी असूनही कालडीला येऊन आई आर्यांबेचे अंत्यसंस्कार स्वतः केले. संन्याशाला तो अधिकार नसतो म्हणून भाऊबंद आडवे आले, तरी केले. जगन्मिथ्या सांगणाऱ्या आचार्याबद्दल ही गोष्ट परंपरेने शेकडो वर्षं जपून ठेवलीय, ती उगाच नाही. मुलाशी वाद घालू नका. तो पळवाट म्हणतो तेव्हा तोही वडील गेल्याच्या दुःखातूनच बोलतो आहे, तुमच्याइतकाच. त्याला सांगा, तू ये, श्राद्ध होऊ दे, आणि तू म्हणतोस तशी शाळेलाही मदत करू. यजमानांच्या डेपोतले एक-दोन जुने सहकारी जेवायला बोलवा. मुलाने न ऐकलेल्या वडिलांच्या गोष्टी त्यांच्याकडे असतील.

पैशाअडक्याचे, घरादाराचे, कोणाला काय देऊन टाकायचं याचे निर्णय मात्र निदान वर्षभर घेऊ नका. स्मशानवैराग्यात घेतलेले निर्णय मागाहून जाचतात.

राहिला वर्ग. जिथे रडायची मोकळीक नाही तिथे सध्या दर आठवड्याला जाऊन बसायची तुमच्यावर सक्ती नाही. पण ते गृहस्थ मनाने चांगले आहेत असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून एक करून बघा. वर्ग नसेल अशा वेळी शेजारणीला सोबत घेऊन त्यांच्या घरी जा. त्या दिवशी तुम्हाला काय वाटलं ते सांगा, आणि पुढच्या खेपेला मैत्रेयीचा संवाद घ्या अशी विनंती करा. "इथेच तुम्ही मला गोंधळात टाकलंत" हे तिचं वाक्य येईल तेव्हा त्यांना थांबवून विचारा, की याज्ञवल्क्यांनी तिला पुन्हा का समजावलं असेल. ते काय म्हणाले ते मला नक्की कळवा.